पेंडीतले जनुक दुधात उतरत नाही. पेंडीवरची बुरशी मात्र उतरते



आमचे खाते उसाचे. बेणे कोणते घेतले, सरी किती फुटांची पाडली, हुमणी लागली आहे का, हे विचारावे आणि त्यावर चार गोष्टी सांगाव्यात, एवढेच खरे म्हणजे आमचे काम. परंतु अलीकडे शिवारफेरीत बांधावर उसापेक्षा निराळाच प्रश्न पुढे येतो. "साहेब, बाजारातली सरकी पेंड सगळी बीटी कपाशीची. ती म्हशीला घातली की बीटीचं जनुक दुधात उतरतं म्हणत्यात. मग ते दूध पोरांना पाजायचं का न्हाई?" कोणी मोबाईलवर आलेला मजकूर दाखवतो, कोणी पाहुण्याकडून ऐकलेले सांगतो. काही सभासदांनी तर या भीतीपोटी सरकी पेंड बंद केली आणि दुभती जनावरे नुसत्या वाढ्यावर व कडब्यावर ठेवली. दूध कमी झाले, फॅट उतरली, आणि मग दहा दिवसांच्या पगारात ते दिसू लागले.

उसाचे बिल वर्षातून हप्त्या-हप्त्याने येते. घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर. पोरांची फी, दवाखाना, बाजारहाट या साऱ्यांचा भार गोठ्यावर असतो. तेव्हा गोठ्यासंबंधीची भीती खरी की खोटी, हे तपासून सांगणे ऊस खात्याच्या माणसालाही टाळता येत नाही. माझे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. पेंडीतल्या जनुकाची भीती अस्थानी आहे. आणि या भीतीच्या गडबडीत जे विष खरोखर दुधात उतरते त्याकडे आपले दुर्लक्ष होत आहे. आता हे असे का, ते क्रमाने पाहू.

बीटी म्हणजे काय आणि ते आपल्या गोठ्यात कधी आले?

जमिनीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. तो एक प्रथिन तयार करतो. काही अळ्यांच्या पोटात ते गेले, की अळी मरते. या जिवाणूतील त्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले, म्हणून ती बीटी कपाशी. आपल्या देशात तिच्या लागवडीला २००२ साली परवानगी मिळाली. पुढच्या दहा वर्षांत तिने बहुतेक सारे कपाशीचे रान व्यापले. आज देशातील कपाशीच्या क्षेत्रापैकी नऊ-दशांशाहून अधिक क्षेत्र बीटीचे आहे.

याचा सरळ अर्थ असा, की बाजारात मिळणारी सरकी आणि सरकी पेंड जवळजवळ सगळी बीटीचीच आहे, आणि ती आपली जनावरे वीस वर्षांहून अधिक काळ खात आली आहेत. हे काही आज उद्भवलेले नाही. कोणी "बीटी नसलेली पेंड" म्हणून पोत्यामागे जादा पैसे मागत असेल, तर आधी त्याला तपासणीचा दाखला मागावा. दाखला नसेल, तर जादा पैसे देण्याचे कारण नाही.

कोंबड्यांच्या खाद्याची गोष्टही अशीच. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव फार भडकले, तेव्हा केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची तेल काढलेली १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. युरोपातील देश अशा पिकांच्या लागवडीबाबत अतिशय कडक आहेत. परंतु त्यांची गुरे-डुकरे-कोंबड्या अमेरिका खंडातून येणाऱ्या सोयाबीनवरच मोठ्या प्रमाणात पोसली जातात, आणि ते सोयाबीन बहुतांशी जनुकीय बदल केलेलेच असते.

जनुक खाणे ही रोजचीच गोष्ट

पुष्कळांची समजूत अशी दिसते, की जनुक फक्त बीटी पिकात असते आणि साध्या पिकात नसते. ही समजूत मुळातच चुकीची आहे. जे जे जिवंत आहे, त्याच्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो आणि त्या डीएनएवरच जनुके असतात. कडबा, हत्तीघास, वाढे, मका, भुसा या साऱ्यांत तो आहे. आपण भाकरी खातो तेव्हा ज्वारीची झाडून सगळी जनुके खातो. पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाऊनही कोणाच्या डोक्याला कणीस फुटल्याचे ऐकिवात नाही. म्हैस जन्मभर घास खाते; तिचे दूध हिरवे होत नाही.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर समजा. कपाशीच्या एका पेशीत हा मजकूर दोनशे कोटी अक्षरांहून जास्त भरतो. त्यात बाहेरून घातलेला बीटीचा मजकूर काही हजार अक्षरांचा, फार तर दहा-पंधरा हजारांचा. म्हणजे लाखाला एक अक्षर, असा हिशेब येतो. हजार पानांच्या ग्रंथात एक ओळ नवी घालावी, तसे.

पण नुसते प्रमाण थोडे म्हणून भिऊ नये, असे मी म्हणणार नाही. विष थोडेही पुरते. खरा मुद्दा वेगळा आहे. ती नवी ओळही त्याच चार अक्षरांत, त्याच शाईने लिहिलेली आहे. जनावराच्या पोटाला ही ओळ कपाशीची आणि ती ओळ जिवाणूची, हा भेद कळत नाही. ते दोन्ही सारखेच फाडते.

कोटीपोटापासून आतड्यापर्यंत

आपल्याला ऊस गाळपाची वाट माहीत आहे. गव्हाणीत मोळी पडली, की कटर तिचे तुकडे करतो, मग भुगा होतो, मग मिलमध्ये पिळून रस निघतो, रसाला चुना आणि गंधकाचा धूर, मग उकळी, आणि शेवटी दाणा. गाई-म्हशीचे पोट हाही चार खणांचा कारखानाच आहे.

पहिला खण कोटीपोट. मोठ्या जनावरात शंभर लिटरहून जास्त माल मावेल एवढी ही टाकी. तिच्या एकेका थेंबात अब्जावधी जिवाणू असतात. जनावर रवंथ करून चारा बारीक करते, पेशी फुटतात आणि त्यांतला डीएनए बाहेर पडतो. तो उघडा पडला रे पडला, की कोटीपोटातील जिवाणूंची पाचकद्रव्ये त्याच्यावर तुटून पडतात. मेंढ्यांच्या कोटीपोटातील द्रवात उघडा डीएनए टाकून इंग्लंडातील शास्त्रज्ञांनी पाहिले, तेव्हा तो फार थोड्या वेळात निकामी झाला. अखंड दाण्याच्या आतला डीएनए थोडा जास्त काळ टिकतो, कारण दाणा फुटायला वेळ लागतो. मुरघासात तर तो खड्ड्यात आंबतानाच बराचसा मोडतो. कारखान्यात तेल काढताना पेंडीला वाफ आणि उष्णता मिळते, तिथेही त्याची मोडतोड होते. म्हणजे गव्हाणीत पडण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते.

कोटीपोटातील जिवाणू या तुकड्यांतले नत्र वापरून स्वतःची वाढ करतात. जाळीपोट आणि पडदेपोट ओलांडून हा माल चौथ्या म्हणजे खऱ्या पोटात जातो. तिथे तीव्र आम्ल असते. त्यात जिवाणूही मरतात. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस मिसळतो. या रसात डीएनए तोडणारे पाचकद्रव्य भरपूर असते. आणि रवंथ करणाऱ्या जनावरांना कोटीपोटातून येणारे जिवाणू रोज पचवायचे असल्याने न्यूक्लिक आम्ले पचवण्याची त्यांची सोय विशेष चांगली असते. गंमत अशी, की प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना डीएनए तोडायचा असतो, तेव्हा ते जे द्रव्य वापरतात ते मुळात गुरांच्या स्वादुपिंडातूनच मिळवलेले. मोझेस कुनिट्झ या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. म्हणजे डीएनएचा नाश करण्याच्या कामात आपल्या गोठ्यातली गाय शास्त्रज्ञांची गुरू आहे.

शेवटी काय उरते? साखर, फॉस्फेट आणि नत्रयुक्त सुटी अक्षरे. ही सुटी अक्षरे शरीर शोषून घेते. ती बीटी कपाशीतून आली, गावरान कपाशीतून आली की हत्तीघासातून आली, याची त्यांच्यावर कसलीही खूण नसते. आपल्या गोदामातील साखरेच्या पोत्यातून एक दाणा उचला आणि तो को ८६०३२ चा की फुले २६५ चा, हे सांगा पाहू. कोणालाच सांगता येणार नाही. साखरेला वाण नसतो. तसेच पचून गेलेल्या अक्षरांना वाण नसतो.

"मग तुकडे सापडले, ते कसे?"

इथे एक सभासद मला हमखास अडवतात. "पण साहेब, परदेशात म्हणे मांसात डीएनएचे तुकडे सापडले." हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

जर्मनीतील संशोधकांनी २००१ साली बीटी मका खाणाऱ्या गुरांची आणि कोंबड्यांची तपासणी केली. कोंबड्यांच्या मांसात आणि गुरांच्या रक्तातील पेशींत त्यांना मक्याच्या डीएनएचे अतिशय आखूड तुकडे सापडले. पण ते मक्याच्या हरितकणांतील डीएनएचे होते. हरितकणांच्या डीएनएच्या एकेका पेशीत शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून तो शोधायला सोपा जातो. बीटी जनुकाचा तुकडा त्यांना त्या मांसात सापडला नाही. इटलीत २००५ साली बीटी मका ३५ दिवस खाल्लेल्या डुकराच्या पिलांच्या रक्तात, यकृतात, प्लीहेत आणि मूत्रपिंडात बीटी जनुकाचा एक छोटा तुकडा आढळला. मांसात आढळला नाही, आणि काम करू शकेल असे पुरे जनुक कुठेच आढळले नाही.

माणसावरही एक पाहणी झाली. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २००४ साली, ज्यांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने वेगळे केले होते अशा सात जणांना जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचे जेवण देण्यात आले. लहान आतड्याच्या शेवटापर्यंत त्या जनुकाचा थोडा अंश टिकून राहिलेला दिसला. मात्र आतडी शाबूत असलेल्या बारा जणांना तेच जेवण दिले, तेव्हा त्यांच्या विष्ठेत तो मिळाला नाही.

यातून काय घ्यायचे? पचन शंभर टक्के पूर्ण होते, असे कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. चाऱ्याच्या, भाजीच्या, भाकरीच्या डीएनएचे बारीकसारीक तुकडे अधूनमधून रक्तात जातात आणि शरीर त्यांचा निकाल लावते. जनुक निर्माण झाल्यापासून हे चालत आले आहे. पण आखूड तुकडा म्हणजे जनुक नव्हे. फाटलेल्या सातबाऱ्याच्या कपट्यावर कोणाला कर्ज मिळत नाही. त्यावर गट नंबर नाही, नाव नाही, शिक्का नाही. तसेच हे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००७ साली सर्व पुरावा पाहून हाच निष्कर्ष दिला, की अशा खाद्यावर वाढलेल्या जनावरांच्या दुधात, मांसात, अंड्यांत बाहेरून घातलेले जनुक वा त्याचे प्रथिन जसेच्या तसे आढळलेले नाही.

आणि आकडेच हवे असतील, तर अमेरिकेतील ॲलिसन व्हॅन एनेनाम आणि एमी यंग यांनी २०१४ साली तेथील पशुधनाची १९८३ ते २०११ पर्यंतची माहिती एकत्र केली. म्हणजे असे खाद्य येण्यापूर्वीची आणि आल्यानंतरची. दहा हजार कोटींहून अधिक जनावरे-पक्षी यांचा तो हिशेब आहे. आरोग्यात वा उत्पादनात खाद्य बदलल्यामुळे बिघाड झाल्याचे त्यात दिसले नाही.

बीटी प्रथिनाचे काय?

जनुक नाही तर नाही, पण अळी मारणारे प्रथिन तर पेंडीत असेल ना, असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. हे प्रथिन काम करायला दोन गोष्टी लागतात. एक, अळीच्या आतड्यातला अल्कधर्मी रस. आणि दुसरी, आतड्याच्या अस्तरावर त्याला चिकटायला विशिष्ट जागा. कुलपाला किल्ली बसावी, तशी. गाई-म्हशीच्या खऱ्या पोटात आम्ल असते आणि तसे कुलूपही तिच्या आतड्यात नाही. तिथे हे प्रथिन इतर प्रथिनांसारखेच पचते.

२००६ साली वारंगळ भागात वेचणी झालेल्या बीटी कपाशीत चरलेल्या मेंढ्या मेल्याच्या बातम्या आल्या होत्या. धनगरांचे नुकसान खरे होते. सरकारी तपासणीत बीटी प्रथिनाकडे कारण गेले नाही. नायट्रेट आणि कीटकनाशकांचे अंश यांच्याकडे बोट दाखवले गेले. काही संस्थांना हा निष्कर्ष पटला नाही, आणि वाद पुढे बरेच दिवस चालला. माझ्या मते शेतकऱ्याने त्यातून एक धडा जरूर घ्यावा. फवारलेल्या रानात, मग ते बीटी असो वा नसो, जनावर सोडू नये. तणनाशक मारलेल्या उसाच्या सरीतले गवत कापून आणून घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

जे खरोखर दुधात उतरते

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या मुद्द्याकडे येतो.

डीएनए हा लांब धागा आहे. पोट त्याचे तुकडे करते. पण काही विषे अशी असतात, की ती आकाराने लहान, उष्णतेला दाद न देणारी आणि पोटात न मोडणारी असतात. ती आतड्यातून रक्तात आणि रक्तातून कासेत जातात. त्यांतले आपल्या गोठ्याला सर्वांत जवळचे म्हणजे अफलाटॉक्सिन.

ओल लागलेल्या सरकी पेंडीवर, शेंगदाणा पेंडीवर, मक्याच्या भरड्यावर जी हिरवट-पिवळी बुरशी चढते, ती हे विष तयार करते. जनावराने ते खाल्ले, की यकृतात त्याचे रूप थोडे बदलते आणि एका दिवसाच्या आत ते दुधात दिसू लागते. खाल्लेल्या विषापैकी साधारणपणे शंभरात एक ते सहा भाग दुधात येतो. जास्त दूध देणाऱ्या जनावरात हे प्रमाण जास्त. दूध उकळले म्हणून ते जात नाही. दही लावले, खवा केला, तरी जात नाही. दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृताला घातक असून कर्करोगाचे कारण मानले गेले आहे, आणि सर्वांत जास्त दूध पिणारे आपल्या घरातले लहान मूल असते, हे विसरू नये.

ही कल्पित भीती नाही. केंद्राच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्याचा अहवाल २०१९ साली जाहीर झाला. त्यात ५.७ टक्के नमुन्यांत अफलाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त सापडले. पाणी-पावडरीच्या भेसळीची आपण एवढी चर्चा करतो; पण आरोग्याला धोका म्हणून त्या अहवालात या बुरशीच्या विषाचा मुद्दा मोठा ठरला. आपल्याकडे दुधासाठी मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. युरोपात ती याच्या एक-दशांश आहे.

आता विचार करा. ज्या सभासदाने बीटीला भिऊन चांगली, कोरडी पेंड बंद केली आणि "बिनबीटीची" म्हणून कुठून तरी आणलेली, ओल लागलेली, स्वस्तातली पेंड वा मक्याचा काळा पडलेला भरडा घातला, त्याने काय केले? जे दुधात उतरत नव्हते त्याला बाहेर काढले आणि जे उतरते त्याला दावणीत आणून ओतले.

सबब, गोठ्यावर पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पेंड घेताना पोते उघडून हात घालून पाहावे. गाठी झालेल्या, कुबट वास येणाऱ्या, रंग बदललेल्या पेंडीला हात लावू नये. गोळी पेंडीच्या पोत्यावर मानक ब्यूरोचा शिक्का पाहावा. मिश्र पशुखाद्यासाठी असलेल्या आयएस २०५२ या मानकात या विषाची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम घालून दिलेली आहे. पोती जमिनीवर वा भिंतीला टेकून न ठेवता लाकडी फळ्यांवर, हवा खेळेल अशी ठेवावीत. पावसाळ्याच्या तोंडावर चार महिन्यांची साठवण एकदम करू नये. भिजलेली पेंड सकाळची संध्याकाळपर्यंत ठेवू नये. बुरशीची पेंड "दुभतीला नको, भाकडीला घाला" असेही करू नये. ती उकिरड्यावर जाऊ द्यावी. चुकून घातली गेलीच, तर ती बंद केल्यावर चार-पाच दिवसांत दूध बहुधा स्वच्छ होते. तोवर ते दूध घरातल्या मुलांना देऊ नये आणि डेअरीलाही घालू नये. आपले मूल तसे दुसऱ्याचे मूल.

सरकीबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. कपाशीच्या बियात, मग ती बीटी असो वा गावरान, गॉसिपॉल नावाचे एक द्रव्य मुळातच असते. मोठ्या जनावराचे कोटीपोट ते बऱ्याच अंशी बांधून टाकते. वासरांचे कोटीपोट तयार झालेले नसते. म्हणून लहान वासरांना सरकी व सरकी पेंड देऊ नये.

आणि हंगामात नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते शरीरातील कॅल्शियम बांधून बाहेर नेते. दूध घटते, व्यायलेली जनावरे बसकण मारतात. वाढे फुकट मिळते म्हणून गोठा त्याच्यावरच चालवू नये. सोबत कडबा, थोडा द्विदल चारा, पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची जुनी पद्धत चांगली आहे.

वाद जरूर करावा, पण योग्य जागी

एवढे वाचून कोणी म्हणेल, की शेतकी खात्याचा माणूस बीटीची वकिली करतो आहे. तसे नाही. या पिकांविषयी विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. बियाण्याचा दर कोण ठरवतो? दर वर्षी पाकीट विकतच घ्यावे लागते, तर शेतकऱ्याच्या हातात काय उरले? अळी सरावली की पुढे काय? २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरून काढली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पोत्यावर "जनुकीय बदल केलेल्या पिकापासून" असे छापले पाहिजे, या मागणीला माझा पाठिंबा आहे. पैसे देणाऱ्याला आपण काय घेतो हे कळण्याचा हक्क आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारी खुणेची जनुके पिकात नसावीत, असा आग्रहही शहाणपणाचा आहे. मात्र ज्या गोठ्यात कासदाहाचे इंजेक्शन टोचून संध्याकाळी तेच दूध केंद्रावर जाते, त्या गोठ्याने आधी स्वतःकडे पाहावे. ते औषध दुधात नक्की उतरते.

हे सारे प्रश्न खरे आहेत. म्हणूनच त्यांच्यात "जनुक दुधात उतरते" ही कच्ची गोष्ट मिसळू नये. कोर्टात एक साक्षीदार खोटा ठरला, की बाकीची खरी साक्षही पातळ होते.

हा विषय आपल्या ऊसधंद्याच्याही दाराशी येऊन उभा आहे. इंडोनेशियाने २०१३ साली अवर्षण सोसणाऱ्या, तर ब्राझीलने २०१७ साली खोडकिडीला दाद न देणाऱ्या जनुकीय बदल केलेल्या उसाला मान्यता दिली. अमेरिकेत निम्म्याहून अधिक साखर बीटकंदापासून होते आणि तो कंद आज जवळजवळ सगळा जनुकीय बदल केलेला आहे. साखरेपुरते बोलायचे तर रसाला चुना आणि उकळी बसली, की प्रथिने गोठून प्रेसमडमध्ये जातात आणि दाण्यात उरते ती केवळ साखर. ब्राझीलच्या बीटी उसाच्या कच्च्या साखरेत तपासणी केली, तेव्हा ना ते जनुक मिळाले, ना ते प्रथिन. आपल्या देशात असा ऊस लावण्यास परवानगी नाही. उद्या तो विषय आलाच, तर वाढे आपल्याच दावणीत पडणार आहे आणि प्रश्न आपल्यालाच विचारायचे आहेत. बेणे राखून ठेवण्याचा हक्क राहील का? खोडव्यात किती वर्षे गुण टिकेल? कीड सरावली तर भरपाई कोण देईल? वार्षिक सभेत असे प्रश्न आले, तर मला आनंद होईल.

शेवटी एक सूचना संचालक मंडळाकडे व आपल्या भागातील दूध संस्थांकडे या अंकाच्या द्वारे ठेवतो. मातीपरीक्षणाची आपल्याला आता सवय झाली आहे. तशीच पशुखाद्याच्या तपासणीची सोय व्हावी. संस्थेमार्फत विकल्या जाणाऱ्या पेंडीच्या प्रत्येक लॉटचा अफलाटॉक्सिनचा दाखला फलकावर लावावा, आणि दाखल्याविना माल उतरवून घेऊ नये. खर्च पोत्यामागे किरकोळ येईल. सभासदांनी हा विषय गट सभेत मांडावा व ठरावात घ्यावा. तोवर पेंड घालत राहा; फक्त ती कोरडी आहे ना, एवढे रोज पाहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी